बेटावरची ती मोरी

नले, तुझ्या आत्म्याला शांती लाभो असं मी म्हणणार नाय. आख्खी मुकुंदवाडी म्हणून गेली, शाळेतले म्हणून गेले, ज्यांच्याशी तुझं जल्मात पटलं नाय तेही हात जोडून म्हणून गेले. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. शांती काय करायची तुला? चहा पितानासुद्धा तू कधी शांत बसली नायस. बशीतला चहा निवून जायचा, तरी तुझं आपलं चालूच, "अगं, पण माझं म्हणणं ऐकून तर घे!" लोक म्हणले, नलूताई शांतपणे गेल्या. मी म्हणलं, होणारच नाय. गेली असेल तर भांडतच गेली असेल.

तुझ्या फोटोला हार घालायला मला पुढं केलं, तर मी सरळ मागं सरले. तुझा प्रसाद माझ्याकडं बघतच राहिला. म्हणला, "हिरामावशी, घाला ना." मी म्हणलं, "तूच घाल बाबा. तुझ्या आईचं आणि माझं अजून मिटलं नाय."

आणि खरंच मिटलं नाय. म्हणून तर लिहायला बसले. शाळेत पोरांना मी 'नाही' लिहायला शिकवलं, तुझ्याशी जल्मभर 'नाय'च बोलले. आता हे लिहिताना बदलणार नाय. तुला माझाच आवाज ऐकू गेला पाहिजे.

लोकांची भांडणं बांधावरून होतात, नळाच्या पाण्यावरून होतात, सुनांवरून होतात. आपलं भांडण एका मोरीवरून. रस्त्याखालून पाणी जायला बांधलेली असते ना, तसली एवढीशी मोरी. आणि तीही इथली नाय, पार समुद्रातल्या दीवच्या बेटावरची. सांगितलं तर माणूस येड्यात काढील.

तू वेरूळच्या पुजाऱ्याची लेक. तुमच्याकडं देव जागेवर आणि माणसंही जागेवर. आम्ही कन्नडच्या पल्याडचे, मेंढरंवाले. दिवाळी झाली की आमचा बा मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि सगळं घर त्याच्या मागं. हिवाळा लागला की अजून माझ्या पायाला खाज सुटती. तरी निघायचं खूळ डोक्यात घेतलंस ते तू! आपण दोघी रिटायर झालो, तू ती पांढरी गाडी घेतलीस, आणि थंडीच्या एका सकाळी माझ्या दारात येऊन हॉर्न वाजवत बसलीस. "हिरे, एक बेट आहे म्हणे. थेट गाडी घेऊन जाता येतं. बोटीची भानगड नाही. चल." मी म्हणलं, "आन् स्वयंपाक?" तू माझ्या मालकांकडं बघून म्हणलीस, "भाऊराव, तुम्हाला खिचडी येते ना?" त्यांनी मान हलवली. येत नव्हती त्यांना, पण तुला नाय म्हणायची कुणाची छाती होती का?

तेव्हापासून दर हिवाळ्याला. कन्नडचा घाट उतरून धुळ्याकडं, तिथून सुरत, मग भावनगरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी उना, आणि मग तो पूल. पूल ओलांडला की तू खिडकीची काच खाली करून खारं वारं तोंडावर घ्यायचीस आणि म्हणायचीस, "सुटलो बाई एकदाचं." कशातून सुटलो ते मी कधी विचारलं नाय. मला माहीत होतं. नवरा लवकर गेला तुझा, आणि त्यानंतर घरातला जो तो तुला कसं बसायचं, कुठं जायचं ते शिकवत होता. पन्नाशीत गाडी शिकलीस तेव्हा तुझ्याच लोकांनी नाकं मुरडली. तू त्यांच्या समोरून मुद्दाम हळू गाडी न्यायचीस.

काय मजा केली गं आपण! नागवा नावाच्या किनाऱ्यावर तू साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरायचीस आणि लाट आली की शाळेतल्या पोरीसारखी किंचाळायचीस. त्या होक्याच्या झाडांचं तर तुला याडच लागलं होतं. ताडाला फांद्या फुटतात हे मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. तू एकेका झाडाखाली मला उभी करून फोटो काढायचीस आणि प्रत्येकात माझं डोकं कापायचीस. किल्ल्याच्या तटावर बसून धपाटी खायचो, खाली समुद्र, वर कोवळं ऊन. आपल्याकडं हुरड्याचे दिवस, आणि आपण तिकडं उन्हात पाय सोडून बसलेल्या. कुणाला उत्तर द्यायचं नाय, कुणाचा डबा भरायचा नाय.

परतताना नाक्यावर पोलीस गाड्या तपासायचे, दारू नेताय का म्हणून. त्या एका पोलिसानं आपली पिशवी उघडली, बरणी बाहेर काढली, हुंगली आणि विचारलं, "आ शुं छे, बेन?" तू म्हणलीस, "ठेचा. खाऊन बघा." त्यानं बोटभर तोंडात घातला आणि पाणी शोधत असा पळाला! तू स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होतीस, मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. त्याच ठेच्यावरून तर आपली ओळख झाली होती. शाळेतल्या माझ्या पहिल्या दिवशी मी डबा उघडला, तशा बाकीच्या बाया जरा सरकून बसल्या. तूही सरकलीस, पण माझ्याकडं. "ठेचा आहे ना? दे इकडं." त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाय. आता बोलते. नले, त्या दिवशी तू सरकली नसतीस तर मी ती नोकरी सोडून घरी गेले असते.

बरं, मोरी.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. सकाळी आपण गंगेश्वराला गेलो होतो. खडकातल्या कपारीत पिंडी, आणि समुद्राची लाट येऊन त्यांना आंघोळ घालून जाती. तू हात जोडून लई वेळ उभी होतीस. मग तू म्हणलीस, चल, गाडीनं सगळ्या बेटाला चक्कर मारू. निघालो. बेट केवढं, तर एका दुपारात फिरून होईल एवढं. दक्षिणेच्या किनाऱ्यानं कोळ्यांच्या वस्तीपर्यंत गेलो, तिकडून वळून खाडीच्या अंगाच्या रस्त्यानं परत निघालो. दोन्हीकडं खारं पाणी, मध्ये अरुंद रस्ता. आणि त्या मोरीपाशी तू करकचून ब्रेक दाबलास.

"हिरे, ही ओलांडायची नाही."

"का? रस्ता बंद हाय का?"

"अगं, समुद्र त्या महादेवावर अखंड अभिषेक करतोय. म्हणजे सगळं बेटच पिंडी झालं की नाही? आणि या मोरीतून वाहतंय ते तीर्थ. महादेवाच्या प्रदक्षिणेत पन्हळ ओलांडत नाहीत. तिथून माघारी फिरायचं, आणि उलट्या बाजूनं पन्हळीच्या पलीकडच्या अंगाला यायचं. आमच्या वेरूळला कुणालाही विचार."

वेरूळला कशाला विचारू? लहानपणापासून मीही महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा घालत आले. पण देवळात तीस पावलं माघारी जाणं वेगळं आणि आख्खं बेट माघारी जाणं वेगळं! मी म्हणलं, "काल तो एवढा थोरला पूल ओलांडून आलो, तवा कुठं होता तुझा महादेव?"

"तो देवळाचा दरवाजा," तू म्हणलीस. उत्तर तुझ्याकडं कायम तयार.

मोरीच्या कडेला एका बाईची चहाची टपरी होती. ती बाहेर येऊन आपल्याला ओरडून सांगायला लागली, "जाओ ने बेन, रस्तो चालू छे!" तू तिला हसून हात केलास आणि मला म्हणलीस, "उतर, मला वळायचंय." मी खाली उतरले. रस्ता एवढा चिंचोळा की जरा चूक झाली तर चाक खाऱ्या चिखलात. मी मागं उभी राहून ओरडत होते, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" आणि बस म्हणलं की डिकीवर थाप. तू जराशी पुढं, जराशी मागं, पुन्हा पुढं. टपरीवालीचं हसून पोट दुखलं असेल. मग आपण आलो तसं सगळं बेट परत फिरलो, दीव गावातून उलट्या अंगानं त्याच मोरीच्या पल्याड येऊन थांबलो. तिथून टपरीवाली हाकेच्या अंतरावर दिसत होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

दर वर्षी हेच. दर वर्षी मी म्हणायचे, "ओलांड आता," आणि तू म्हणायचीस, "शास्त्र आहे, हिरे." दर वर्षी मी उतरून "येऊ दे, येऊ दे" करायचे. तू मला गाडी शिकवलीस, सरळ रस्त्यावर माझ्या हातात द्यायचीस, घाटसुद्धा दिलास. पण मोरीपाशी वळवायला कधी दिली नायस. "ते माझं काम," म्हणायचीस.

आणि यंदा कार्तिकात ते दवाखान्यातलं. तू उशीला टेकून बसली होतीस, हाताला सुई, आणि मला म्हणलीस, "यंदा मला जमेलसं दिसत नाही. तू जाऊन ये." मला असा राग आला! मी म्हणलं, "मी एकटी कशाला जाऊ? गाडी तुझी, येड तुझं." तू म्हणलीस, "जा. पण मोरी ओलांडू नकोस हं."

"ओलांडीन. ओलांडीनच! बघते कोण अडवतं."

"ओलांडून तर दाखव."

तेवढ्यात सिस्टर आली, म्हणली, "आजी, पेशंटला बोलायला लावू नका, बाहेर व्हा." मी दारातून वळून बघितलं. तू हसत होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसादचा फोन आला.

आता सांग, हे काय बोलणं झालं शेवटचं? दुसऱ्यांचं काय काय बोलून होतं, एकमेकींच्या गळ्यात पडून होतं. आपलं मोरीवर अडकलं.

चौदाव्याला तुझ्या हॉलमध्ये सगळे बसलेले. गोडजेवण झालं होतं. मी उठले आणि प्रसादला म्हणलं, "बाळा, गाडीची चावी दे. पौषात मी दीवला जाणार हाय." तुझे वेरूळचे थोरले भाऊ, दादा, बोलले. "अहो हिराबाई, वर्षाच्या आत? दुःखाचं घर आहे हे. त्यातून पौष. आणि सहलीला? लोक काय म्हणतील?"

मी म्हणलं, "दादा, माझी आत्या मेंढरामागं वाटंतच गेली. त्या दिवशी सगळे थांबले, रडले, माती दिली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मेंढरं पुढं निघाली. मेंढरांना चारा लागतो. ती वर्षभर थांबत नसतात. आन् दुःख काय फक्त बसूनच करायचं असतं का? मी गाडी चालवत करीन."

"पण शास्त्र म्हणून काही..."

माझं डोकंच फिरलं. "शास्त्र मला सांगू नका! तुमच्या शास्त्रापायी इतकी वर्षं मी एका मोरीपाशी उतरून 'येऊ दे, येऊ दे' करत आले. नलीनं जीव खाल्ला माझा. पन्हळ ओलांडायची नाय, पन्हळ ओलांडायची नाय!"

दादा म्हणले, "कोणती मोरी?" आणि मग त्यांना आठवलं. "अच्छा, ते होय! अहो, पहिल्याच वर्षी परत आल्यावर तिनं मला विचारलं होतं. मी तेव्हाच सांगितलं, बेटाला कसली आलीय पन्हळ, कसलं सोमसूत्र? तो नियम देवळातल्या पिंडीचा. खुशाल ओलांडा म्हणालो मी."

नले! भवाने! मला जे हसू फुटलं ते थांबेचना. चौदाव्याच्या घरात, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर, मी पोट धरून हसत होते आणि डोळ्यातून पाणी. बाया म्हणल्या, हिराबाईला पाणी द्या. दादा घाबरले. तुला माहीत होतं! पहिल्याच वर्षापासून माहीत होतं की ओलांडलं तरी चालतंय. तरी दर वर्षी ब्रेक मारून, माझ्याशी भांडून, मला चिखलात उभी करून, आख्खं बेट पुन्हा फिरायला लावलंस. शास्त्रबिस्त्र काही नाय. तुला फेरी संपवायची नव्हती. मोरी ओलांडली की गाव आलं, गाव आलं की पूल, पूल ओलांडला की घर. एवढंच ना? मग सांगायचं ना गं तोंडानं, हिरे, मला अजून घरी जायचं नाही. मी काय नाय म्हणले असते?

प्रसादनं चावी आणून माझ्या हातावर ठेवली. दादा निघताना माझ्याजवळ थांबले. म्हणले, "जाताय तर सांभाळून जा. घाटात धुकं असतं." नाकं मुरडायची तर मुरडू द्या, असं मी मनात म्हणलं होतं, पण दादांनी त्यानंतर मुरडली नाय हे खरं सांगायला पाहिजे.

भाऊराव म्हणले, "एकटी जाणार? एवढ्या लांब? मी येतो." मी म्हणलं, "व्हय, आन् मोरीपाशी उतरून 'येऊ दे' तुम्ही म्हणणार. नाय. ते काम माझं हाय." त्यांनी टायरांत हवा भरून आणली, आणि भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आपल्या हातानं फडक्यात बांधून दिली. करपली होती, पण त्यांनीच थापली होती. तुझ्यामुळं शिकले ते, खिचडीपासून भाकरीपर्यंत.

कन्नडच्या घाटात खरंच धुकं होतं. शेजारची सीट मोकळी. मी तिच्यावर धपाट्यांचा डबा ठेवला आणि पट्टा लावून टाकला, उगाच घसरून सांडायला नको म्हणून. भावनगरच्या लॉजवाल्यानं विचारलं, "एकलांज, बेन?" मी म्हणलं, "नाय. दोघी." त्यानं माझ्या मागं बघितलं आणि एकच किल्ली दिली. पूल आला तशी मी काच खाली केली. "सुटलो बाई एकदाचं" म्हणायला तोंड उघडलं, पण ते वाक्य तुझं होतं. मग मी हॉर्न वाजवला. पूल संपेपर्यंत वाजवला. वाजवू नये म्हणतात. वाजवला.

गंगेश्वराला गेले. पिंडींवर लाट येत होती आणि जात होती. मी महादेवाला म्हणलं, "तुझ्या नावावर खोटं बोलत होती बरं का ती. पण तिला काही बोलशील तर माझ्याशी गाठ हाय." नागव्याला पाण्यात उभी राहिले. होक्याच्या झाडाखाली एका पोरीला फोटो काढायला सांगितलं. तिनं माझं डोकं कापलं नाय, सगळी हिरा आली फोटोत. मला तो फोटो आवडला नाय.

आणि मग मोरी.

इंजिन चालू ठेवून थांबले. समोर रस्ता सरळ. खालून भरतीचं पाणी आत येत होतं. दादांनी मोकळीक दिलेली, शास्त्र आडवं नाय, तू आडवी नायस. दवाखान्यात मी म्हणलं होतं, ओलांडीनच. पाय नुसता दाबायचा होता. आणि माझा पाय दाबेना. कारण ओलांडली की मी जिंकले. मी जिंकले की भांडण संपलं. भांडण संपलं की तू खरंच गेलीस.

नाय जायचं मला पुढं. मरणाचं सगळं ऐकलंस तू. त्यानं म्हणलं उठ, तर तू उठलीस. त्यानं म्हणलं चल, तर तू गेलीस. पण हे भांडण त्याला मिळणार नाय.

पण वळवायची कशी? तू शिकवलंच नव्हतंस. गाडी आडवी घातली, मागं घेतली आणि घाबरून ब्रेक दाबला. आरशात नुसतं पाणी दिसत होतं. मागं कोणी नाय. तेवढ्यात टपरीवाली बाहेर आली. तिनं गाडी ओळखली, मला ओळखलं, वाकून शेजारच्या सीटकडं बघितलं. "बीजां बेन क्यां?" मी बोटानं वर दाखवलं. तिनं तोंडावर पदर घेतला. मग ती गाडीच्या मागं गेली, चिखलात नीट पाय रोवून उभी राहिली, आणि तिच्या त्या गुजराती तोंडानं, इतकी वर्षं माझं ऐकून ऐकून पाठ झालेलं, मराठीत ओरडली, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" आणि डिकीवर थाप मारली.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. तुझ्या मातीला नाय, दहाव्याला नाय, तिथं रडले. ती थांबली होती. मग मी डोळे पुसले आणि गाडी वळवली. लई वेळ लागला, पण वळवली. आख्खं बेट परत फिरून उलट्या अंगानं मोरीच्या पल्याड येऊन थांबले. टपरीवालीनं लांबून हात केला. ऊन उतरत होतं, मला घाई नव्हती. मी भाऊरावांची करपलेली भाकरी तिथंच बसून ठेच्याबरोबर खाल्ली.

तर नले, ऐक. यंदा ओलांडली नाय. हरले म्हणून नाय, वाकले म्हणून तर मुळीच नाय. चावी माझ्याकडंच हाय, प्रसादनं परत घेतली नाय. पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा जाणार, आणि तेव्हा मोरी ओलांडणार, बघच तू.

अडवायचं असेल, तर ये.